बर्लिनच्या नाणे मेळ्याला जाताय ना, मग वडिलांचा डबा घरीच ठेवा

ताई, तुम्ही विचारलंय की जानेवारीत मुलाकडे बर्लिनला जाताय, दोन महिने राहणार आहात, जानेवारी संपता संपता तिथे वर्ल्ड मनी फेअर भरतो असं मुलगा म्हणाला, तर वडिलांच्या डब्यातले बडोद्याचे चांदीचे रुपये नि तांब्याचे पैसे बरोबर न्यावेत का, तिथे चांगला भाव येईल का, आणि नाणी न नेता नुसतं जाऊन आपल्याला काही कळेल का. मी आपल्या बडोद्यातच, दांडिया बजारात वाढलो, नाणी जमवायला लागून आता चाळीस वर्षं होतील, बर्लिनचा मेळा दोनदा बघितलाय, सिंगापूरचा एकदा, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी डब्याचं बोलतो. डबा न्यायचा नाही. त्यातलं एकही नाणं न्यायचं नाही, पर्समध्ये आठवण म्हणून सुद्धा नाही.

कारण असं की १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अ‍ॅक्ट आहे, आणि त्यात शंभर वर्षं किंवा जास्त जुनं कुठलंही नाणं ही पुरातन वस्तू धरली जाते, मग ते सोन्याचं असो की तांब्याचं, तुमच्या वडिलांचं असो की कोणाचंही. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, तो अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. मोडलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद नि दंड. "आमचं वडिलोपार्जित आहे हो" हे कस्टमवाल्याला सांगून काही उपयोग नसतो, उलट जुनं आहे हे आपणच कबूल केल्यासारखं होतं.

आता इथेच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात भलेभले फसतात. तुमचे रुपये महाराजांच्या छबीचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, पगडी घातलेले सयाजीराव एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तलवार नि "एक रुपया", आणि तुमचा मुलगा म्हणतो की त्यावर १९४९ आहे म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं, शंभर वर्षं झालेलीच नाहीत. ताई, ते इसवी सन नाही. ते विक्रम संवत आहे. आपण दिवाळीच्या पाडव्यानंतर इथल्या दुकानदारांच्या चोपड्यांवर जे साल लिहिलेलं बघतो तेच हे. त्यातून सत्तावन्न वजा करा, म्हणजे १८९२. बडोद्याच्या या छबीच्या रुपयांवर १९४८, १९४९, १९५१ अशी सालं दिसतात, सगळी १८९० च्या दशकातली, त्यानंतर थोड्याच वर्षांत बाबाशाही, म्हणजे बडोदा संस्थानचं स्वतःचं नाणं, चलनातून काढून इंग्रजी रुपया चालू झाला. तसंही १९४९ ला सयाजीराव हयात नव्हते, ते १९३९ ला गेले. म्हणजे तुमच्या डब्यातला असा प्रत्येक रुपया शंभरीच्या पलीकडचा आहे. उलट गंमत बघा, इंदूरचा यशवंतराव होळकर दुसरे यांचा तांब्याचा अर्धा आणा येतो त्यावर १९९२ असतं, म्हणजे १९३५, त्याला अजून शंभर व्हायची आहेत. पण असलं नाणंही न्यायचंच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ते अँटिक्विटी नाही असं सर्टिफिकेट घ्यायला पाहिजे, आणि चार तांब्याच्या नाण्यांसाठी एवढी धावपळ मी तरी करणार नाही.

युरोपच्या बाजूनेही आता नियम कडक झालेत, २८ जून २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या जुन्या सांस्कृतिक वस्तूंना वय आणि किंमत बघून परवाना किंवा लेखी निवेदन लागतं. तुमच्या रुपयांना तो लागणार नाही, तेवढे जुने नाहीत ते, पण तिथला चांगला डीलर आता विचारतोच की हे भारतातून कसं आलं, कागद दाखवा. कागद नसेल तर हात लावत नाही. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी तिथे नेऊन भाव मिळेल हा हिशेबच चुकीचा आहे. बडोद्याच्या रुपयाला खरं गिऱ्हाईक कुठे, तर बडोद्यात, मुंबईत, अहमदाबादेत, पुण्यात. इथे लोक साल नि ठसा बघून घेतात, तिथे त्याच रुपयाला बरेचदा नुसती भारतीय चांदी म्हणून किंमत लागते. विकायचेच असतील तर परत आल्यावर इथल्या लायसन्सवाल्या डीलरकडे किंवा लिलावात द्या, आणि फोनवर "तुमचं जुनं नाणं पाच लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय की त्यांचा या असल्या धंद्याशी काही संबंध नाही आणि त्यांच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे.

मग डब्याचं काय करायचं, तर जायच्या आधी दोन दुपारी काढा. टेबलावर जाड मऊ टॉवेल अंथरा, एकेक नाणं कडेने धरून, बोट नाण्याच्या तोंडावर, म्हणजे सपाट बाजूंवर, पडू न देता, खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कडेचाही एक काढा. घडियाळी पोळात ओळखीचा सोनार असेल तर प्रत्येकाचं वजन करून आणा, फक्त त्याला आधीच सांगा की कसोटीला घासायचं नाही. आणि हात जोडून एक सांगतो, ती नाणी धुऊ नका. आपल्या घरी चांदी म्हटली की दात घासायची पावडर, रांगोळी, चिंच, हे हाताशी येतंच, माझ्या आईने माझे पहिले सात रुपये गौरीच्या आदल्या दिवशी निरांजनांबरोबर लखलखीत करून ठेवले होते, तिने प्रेमानेच केलं, पण त्या नाण्यांवर शंभर वर्षांत आलेला तो काळसर निळसर रंग गेला आणि वर बारीक चरे पडले ते कायमचे. काळं पडलेलं नाणं खराब नसतं, घासलेलं नाणं खराब असतं. जाड मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पण ठेवू नका, ते पीव्हीसी असतं, वर्षा दोन वर्षांत हिरवट चिकट थर धरतो, त्यापेक्षा नाण्यांच्या दुकानात पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात मायलारची, म्हणजे पातळ पारदर्शक फिल्मची, खिडकी असलेले, ते घ्या.

फोटो नि वजनं फोनमध्ये घेऊन जा. मेळ्यात जाताना तुमच्याजवळ एवढंच पाहिजे. आणि एक दहापट दाखवणारं भिंग.

आता मेळा. नुसतं जाऊन काही कळेल का, असं विचारलंत ना. मी म्हणेन दोन दिवस जा. हा मेळा १९७२ पासून चालू आहे, पहिल्यांदा स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला भरायचा, २००६ पासून बर्लिनला आला. एस्ट्रेल नावाचं अवाढव्य हॉटेल आहे सोनेनआले रस्त्यावर, नॉयकोल्न भागात, त्याच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. सोनेनआले नावाचंच रिंग रेल्वेचं स्टेशन आहे, तिथून पाच सात मिनिटं चालायचं, पण थंडी कडक असते, मुलाला बरोबर घ्या.

आत गेल्यावर दोन वेगळ्या दुनिया असतात हे आधी माहीत असलं की गोंधळ होत नाही. एकीकडे देशोदेशीच्या टांकसाळी स्वतः स्टॉल लावून बसलेल्या असतात, पॅरिसची टांकसाळ जी ८६४ पासूनची म्हणवते, व्हिएन्नाची, कॅनडाची, ऑस्ट्रेलियातली पर्थची, तिथे सगळं नवंकोरं, झगमगीत, डब्यात बसवलेलं. दर वर्षी एक टांकसाळ पाहुणी असते. नाणी पाडायच्या प्रेसवाल्या कंपन्याही येतात, त्यांच्याकडे जरूर थांबा. ठसा म्हणजे काय, नाणं एकदाच दाबतात की दोनदा, प्रूफ नाण्याची, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्याची, मोकळी सपाट जागा आरशासारखी का दिसते, हे तिथली माणसं हौसेने समजावतात, आणि ते एकदा बघितलं की घरच्या डब्यातला रुपया हातात धरल्यावर तो कुठल्या ठशाने कसा पडला हे डोळ्यापुढे येतं. विकत मात्र या बाजूला घाई करून घेऊ नका, नवी कलेक्टर नाणी डब्याच्या नि सर्टिफिकेटच्या जोरावर महाग असतात आणि परत विकताना बहुतेकांची किंमत खाली येते.

दुसरी बाजू डीलरांची. ओळीने टेबलं, काचेचे ट्रे, अल्बम, आणि खाली डबेच्या डबे ज्यात कुठलंही नाणं उचला एक किंवा दोन युरो. माझा जीव रमतो तो इथे. आणि इथे तुमच्याकडे असं भांडवल आहे जे त्या हॉलमधल्या शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांकडे नाही, ते म्हणजे तुम्हाला देवनागरी वाचता येते. हे मी उगीच नाही सांगत. आपल्या संस्थानांची नाणी गोऱ्या सोल्जरांनी, रेल्वेच्या साहेबांनी, मिशनऱ्यांनी शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे नेली, ती आता त्यांच्या नातवंडांच्या घरांतून बाहेर येतात आणि कोणालाच वाचता येत नाहीत म्हणून भलत्याच पाकिटात पडतात. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नेपाळ लिहिलेल्या डब्यात चाळत होतो, कारण देवनागरी दिसली की नेपाळ असं बऱ्याच डीलरांचं ठरलेलं असतं, आणि हातात आला बडोद्याचा तांब्याचा पैसा, घोड्याची टाप नि तलवार, कडेने चक्क सयाजीराव गायकवाड. दोन युरो. परक्या देशात, बाहेर बर्फ, आणि बोटांत आपल्या गावाचं नाव, माझे डोळे भरून आले होते खरंच. तुम्ही ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, कच्छ ही सगळी नावं डोक्यात ठेवून चाळा. कच्छच्या कोऱ्यांवर, कोरी म्हणजे तिथलं चांदीचं नाणं, एका बाजूला देवनागरी नि दुसऱ्या बाजूला फारसी लिपी असते, पुष्कळ नाण्यांवर इसवी सन आणि संवत दोन्ही, ते बघितलं की संवताचं गणित हाताला लगेच बसतं. आणि हो, राम दरबार किंवा हनुमान कोरलेले, ईस्ट इंडिया कंपनी नि १८१८ किंवा १६१६ असं साल टाकलेले तांब्याचे मोठे तुकडे दिसतील, ते घेऊ नका, कंपनीने असली नाणी कधीच पाडली नाहीत, ती नंतर बाजारासाठी केलेली टोकनं आहेत.

पहिल्या दिवशी काही म्हणजे काही विकत घेऊ नका, फक्त फिरा, टेबल नंबर नि भाव वहीत लिहा, रात्री घरी बसून ताडून बघा. हे मी माझ्या अनुभवाने सांगतोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिल्याच तासात एका टेबलवर छबीचा रुपया दिसला, पगडीवरचे मणी सुद्धा मोजता येतील असा, भाव पण ऐकायला बरा, मी दुसरं टेबल न बघता पैसे दिले. रात्री दिव्याखाली भिंग लावलं तर पगडीच्या बरोबर वर कडेला बोटभर जागा गुळगुळीत, रंगाला जरा वेगळी. कडी झाळली होती कधीतरी, माळेत ओवायला, नंतर कोणीतरी ती काढून कानशीने सारखं केलेलं. आपल्याकडे रुपयाच्या माळा होत्याच घरोघर, त्यामुळे हा दोष बडोद्याच्या नि इंदूरच्या रुपयांत फार दिसतो. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर तो डीलर म्हणाला बघून घेतलंत, आता परत नाही. आणि नियमाने त्याचंच बरोबर होतं, मी कड बघितलीच नव्हती. तेव्हापासून कुठलंही नाणं हातात घेतलं की आधी कड पूर्ण गोल फिरवून बघतो, मग तोंड. तुमच्या डब्यातल्या नाण्यांचे कडेचे फोटो काढायला सांगितले ते यासाठीच.

टेबलवर वागायचं कसं, ते थोडक्यात. आपली पर्स किंवा पिशवी ट्रेवर ठेवायची नाही. नाणं उचलायच्या आधी खुणेने विचारायचं. उचललं की कडेने धरायचं आणि ट्रेच्या वरच ठेवायचं, म्हणजे सुटलं तरी गादीवर पडेल. नाण्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही, थुंकीचा कण पडला तरी डाग राहतो. घासाघीस चालते पण मांडवीच्या बाजारातल्यासारखी नाही, तिथे हळू आवाजात एकदा विचारतात, "तुमचा बेस्ट भाव काय", तो सांगतो, पटलं तर घ्यायचं नाहीतर थँक्यू म्हणून पुढे. शेवटच्या दिवशी दुपारनंतर भाव सैल होतात, पण चांगला माल तोवर गेलेला असतो. प्लास्टिकच्या बंद डबीत नंबर लिहिलेली नाणी दिसतील, एनजीसी किंवा पीसीजीएस असं वर असतं, त्या ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्या, एक ते सत्तर असा आकडा देतात, सत्तर म्हणजे निर्दोष. महाग नाणं घ्यायचं तर असं घेणं सुरक्षित, पण तो नंबर खरा आहे का हे त्यांच्या साइटवर फोनवरून तिथल्या तिथे तपासा.

पैशाचं म्हणाल तर जर्मनीत डीलरांना अजूनही रोख आवडते, पण भारतातून एका प्रवासाला परकीय नोटा तीन हजार डॉलरएवढ्याच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डवर घ्या. आपले रुपये पंचवीस हजारांपर्यंत जवळ ठेवता येतात. प्रत्येक खरेदीचं बिल मागा, छोटं असलं तरी, त्यावर नाण्याचं नाव, साल, धातू लिहायला सांगा. पन्नास युरोच्या वर बिल असेल तर टॅक्स परत मिळण्याचा फॉर्म विचारा, फक्त जुनी नाणी बऱ्याच वेळा अशा पद्धतीने विकतात की बिलात टॅक्स वेगळा दाखवलेलाच नसतो, मग तो मिळत नाही, त्यावरून वाद घालू नका. आणि तो फॉर्म नि बिल परत येताना एअरपोर्टला नाण्यासकट कस्टमला दाखवून शिक्का घ्यायचा.

परत येताना नाणी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. अहमदाबादला उतरा की मुंबईला, सोन्याचं किंवा चांदीचं नाणं असेल तर कस्टमच्या लाल चॅनलने, म्हणजे सामान जाहीर करायच्या वाटेने, जा, बिल पुढे करा आणि लागेल ती ड्यूटी भरा, दागिने नसलेलं सोनं चांदी फुकटच्या भत्त्यात धरत नाहीत. आणखी एक, जे कोणी सांगत नाही ते सांगतो, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं तुम्ही तिकडून विकत घेऊन इथे आणलंत की ते आपल्या कायद्याखाली आलं, मग ते जर्मन असलं तरी. पुढच्या वेळी "मुलाकडे ठेवते" म्हणून परत नेता येणार नाही. म्हणून जे मुलाच्या घरी ठेवायचं असेल ते इकडे आणूच नका.

नातू आहे ना तुमचा तिथे, त्याला एक खेळ लावून द्या. जर्मनीच्या युरो नाण्यांवर एक बारीक अक्षर असतं, ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हँबर्ग. तुम्ही जाताना आपली एक दोन आणि पाच रुपयांची साधी चालू नाणी मूठभर घेऊन जा, त्यांना तो जुन्या नाण्यांचा कायदा लागत नाही, आणि त्यांच्यावर सालाच्या खाली बघायला शिकवा, चौकोनी हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. दहा मिनिटांत पोरगं टांकसाळी ओळखायला लागतं.

आणि मेळा झाल्यावर एक पूर्ण सकाळ बोडे म्युझियमला द्या, म्युझियम बेटाच्या टोकाला आहे. तिथल्या नाण्यांच्या विभागाकडे पाच लाखांच्या वर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, पण त्या सावकाश बघायला एक सकाळ पुरत नाही. याच म्युझियममधून मार्च २०१७ मध्ये कॅनडाचं शंभर किलोचं सोन्याचं नाणं रात्रीतून चोरीला गेलं, चोर सापडले, शिक्षा झाली, नाणं कधीच मिळालं नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात डबा लॉकरला टाका, फोटो नि वजनाची यादी एक मुलाकडे नि एक लॉकरच्या कागदांबरोबर ठेवा. आणि फोटो काढताना एखाद्या रुपयावर १९४९ च्या ऐवजी दुसरं कुठलं साल दिसलं तर मला लगेच लिहून कळवा, सगळे एकाच सालाचे असतील असं मला वाटत नाही, वडिलांनी निवडून ठेवले असणार.